सत्तेचाळीस नंबरची वारस

कसबा बावड्यात आमच्या गल्लीत चिमणाबाई राहते. आपल्यावर कुणी काही लिहील असं तिला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. लग्नाकार्यातल्या फोटोत ती नेहमी कुणाच्या तरी खांद्याआड सापडते. मी नाटक कंपनीत पस्तीस वर्षं काढली. माणूस समोर आला की तो कुठे उभा राहतो हे आधी बघायची मला तेव्हापासून खोड आहे. चिमणा कायम विंगेजवळ उभी राहायची. बाकीचा सगळा रंगमंच आकारामचा.

आकाराम तिचा नवरा. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर त्याची उमर गेली, मग गुडघे गेले, मग त्याने एक म्हैस घेतली. म्हशीचं नाव नकटी. नाकात तिच्या काही उणं नव्हतं. नाव ठेवणारा घाईत असावा. तिचं शेण काढणं, वैरण कापणं, पाणी पाजणं, धुणं हे सगळं चिमणाकडे. धार मात्र आकारामने काढायची, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. पहाटे साडेपाचला अंगात खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, गोठ्यात शिरताना दोन आखूड आणि एक लांब असा खोकला, आणि मग बादलीत धारेचा आवाज. माझ्या खिडकीत सगळं ऐकू यायचं. दौऱ्यावर असताना तिसऱ्या घंटेला जे वाटायचं तेच मला त्या खोकल्याने वाटायचं. दिवस सुरू झाला, आता माघार नाही.

धार झाली की चाळीस पावलांवरच्या दूध संस्थेत जाऊन तो दूध घालायचा. सभासद क्रमांक सत्तेचाळीस.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आकाराम गेला. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्याच्याबरोबर आकारामही. मागे राहिली ती एक म्हैस, एक कॅन, संस्थेचा शंभर रुपयांचा एक शेअर आणि त्या शेअरमागचा तो नंबर. खोल्या भाड्याच्या. मूल एकच, वर्षाराणी, चंदगडला दिलेली. ती आली, पोटभर रडली, आणि दिवसकार्य उरकल्यावर तिने आईची पिशवी भरायला घेतली. म्हैस विकू आणि तू माझ्याकडे चल, असं तिचं म्हणणं. चिमणाला जायचं नव्हतं. चंदगडला पाऊस येतो तो पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. शिवाय तिथे चूल लेकीची. इथली चूल तिची स्वतःची होती.

पण चूल राखायची तर दूध विकलं पाहिजे, आणि दूध विकायचं तर नंबर पाहिजे. संस्थेने नवीन सभासद घेणं दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, कारण दूध थंड करायची टाकी रोज काठोकाठ भरायची. गल्लीत दारोदार विकावं म्हटलं तर दर दुसऱ्या दारात म्हैस बांधलेली. आणि संस्थेचा नियम असा की सभासद मयत झाल्यापासून नव्वद दिवसांत वारसाचं नाव लागलं नाही, तर नंबर रद्द. म्हणजे चिमणाने बावड्यात राहायचं की चंदगडला जायचं, हे त्या सत्तेचाळीस नंबरावर येऊन ठेपलं होतं.

मात्र नंबराच्या आधी नकटी आडवी आली होती. मालक गेला त्या दिवसापासून तिने पान्हा चोरला. चिमणा धारेला बसली, लाथ. शेजारची तानाबाई बसली, तर लाथ आणि वर शेपटी. घरातल्या सगळ्यांना सुतक होतं, म्हशीला नव्हतं. तिला तिचा माणूस पाहिजे होता. तानाबाईनेच सुचवलं की आकारामचा शर्ट घालून बस, जनावर वासावर असतं. चिमणाने लुगड्यावर खाकी शर्ट चढवला, डोक्यावर टोपी ठेवली. नकटीने मान वळवून हुंगलं, विचार केला आणि अर्धा लिटर दिलं. अर्धाच.

तेव्हा चिमणा माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"अक्का, तुमी कंपनीत गडीमानसांची कामं केल्यात न्हवं?"

केली होती. आमच्याकडचे पुरुष नट फार रुसायचे, आणि एखादा रुसून गेला की त्याची मिशी माझ्या ओठावर यायची. मी गोठ्यात जाऊन उभी राहिले आणि दोष मला लगेच कळला. वेश बरोबर होता, प्रवेश चुकत होता. चिमणा गोठ्यात शिरायची ती माफी मागितल्यासारखी. आकाराम शिरायचा तो म्हशीने उभं राहून नमस्कार करावा अशा थाटात. मी दोन दिवस तालीम घेतली. टाच आधी टेक, खांदे मागे घे, बादली आपटून ठेव. सगळ्यात वेळ लागला तो खोकल्याला. चाळीस वर्षांच्या संसारात ती मोठ्याने कधी खोकलीच नव्हती. तोंडावर पदर यायचा. मी पदर खोचायला लावला. सहाव्या दिवशी पहाटे गोठ्यात दोन आखूड आणि एक लांब असा खोकला घुमला, आणि शिकवणारी मी असूनही खिडकीत माझ्या अंगावर काटा आला. नकटीने साडेचार लिटर दिलं.

आता चाळीस पावलांसाठी कपडे कोण बदलणार? थंडीचे दिवस, पंचगंगेकडून येणारं धुकं, हातात भरलेला कॅन. चिमणा तशीच, शर्टात आणि टोपीत, संस्थेच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आणि घशात एवढ्या मेहनतीने बसवलेला खोकला रांगेतही निघाला.

इथे विजयसिंह सेक्रेटरींची ओळख करून दिली पाहिजे. एकतीस वर्षं संस्थेचे सचिव. संस्थेत संगणक आहे, त्याच्यावर अनुजा नावाची मुलगी बसते, नंबर दाबला की नाव आणि फॅट छापून चिठ्ठी बाहेर येते. तरीही विजयसिंह स्वतःची वेगळी वही लिहितात. त्या वहीत एक रकाना आहे: दूध कोणी आणले. त्यात ते स्वतः, मुलगा, सून, गडी असं काहीतरी लिहितात. एकतीस वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नाही, हे त्यांचं भूषण. लिहिताना ते मान वर करत नाहीत. बारा नंबरचा कॅन खडखडतो, सदतीसच्या चपला ओढत येतात, सत्तेचाळीस खोकतो. खोकला कानावर आला की ते अनुजाला सांगायचे, "सत्तेचाळीस," आणि आपल्या वहीत लिहायचे: स्वतः.

हेच विजयसिंह आकारामच्या अंत्ययात्रेला होते. लाकडं रचायला त्यांनी हात लावला होता, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. पण हात एकीकडे आणि माणूस एकीकडे. चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्यांच्या हाताने मयत आकारामच्या नावापुढे लिहिलं: स्वतः, स्वतः, स्वतः. ऐंशी नोंदी.

शेहेचाळिसाव्या दिवशी दुपारी चिमणा ठेवणीतलं लुगडं नेसून, महापालिकेचा मृत्यूचा दाखला घेऊन संस्थेत गेली. सोबत मी. विजयसिंहांनी दाखला वाचला, तारीख वाचली, चष्मा पुसला आणि वही काढली. वहीत बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. आम्हाला वाटलं त्यांना मित्राची आठवण आली. तसं नव्हतं.

म्हणाले, "वहिनी, हितं एक अडचन हाय. दाखला म्हनतोय आकाराम गेलाय. माजी वही म्हनतीय, काल सांजच्याला चार लिटर घालून गेलाय."

चिमणाने सरळ सांगितलं की तो मीच होते. विजयसिंहांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांची अडचण त्याने वाढलीच. दूध चिमणाने घातलं असेल तर ऐंशी नोंदी खोट्या. नोंदी खोट्या तर खाडाखोड करायला हवी, आणि ऐंशी ठिकाणी खाडाखोड केलेली वही ते तपासनिसापुढे ठेवणार नव्हते, त्यापेक्षा राजीनामा ठेवला असता. नोंदी खऱ्या मानाव्यात, तर सभासद हयात. हयात सभासदाला वारस कसला?

बराच वेळ कपाळ चोळून त्यांनी एक वाट काढली. ती त्यांनी अगदी कळवळ्याने सांगितली, हे मी साक्षीला उभी राहून सांगेन. संस्थेपुरता आकाराम आजपासून मयत झाला असा ठराव करू. मागच्या नोंदी तशाच राहतील, पुढचे नव्वद दिवस आजपासून मोजू, कोर्टातून वारस दाखला आणायलाही सवड मिळेल. वहिनींनी फक्त लिहून द्यायचं की काल संध्याकाळपर्यंत यजमान दूध घालत होते.

चिमणा खुर्चीवरून उठली. तिचा आवाज तेव्हाही बेताचाच होता.

"त्यो एकदा गेला. त्याचं सगळं मी केलंय, पिंडाला कावळाबी शिवलाय. आता तुमच्या वहीसाटनं मी त्याला परत मारनार न्हाय. नंबर जाऊ दे गेला तर."

घरी येऊन मात्र ती रडली. नंबर गेला तर काय काय जाणार, हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

कोर्टाचा वारस दाखला हातात असला तर वहीला कोण विचारतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला शाहूपुरीत धवल वकिलांकडे नेलं. सज्जन माणूस, माझ्या नाटकांचे पास त्यांच्या वडिलांना घरपोच जायचे. त्यांनी कोर्टाची वाट समजावून सांगितली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग कुणी हरकत घेतंय का याची वाट बघणं, मग पुरावा, मग जामीन. लिहून घेता घेता त्यांनी मालमत्ता विचारली. चिमणा म्हणाली, एक शेअर. केवढ्याचा? शंभराचा. वकिलांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी म्हशीबद्दल चौकशी केली, दूध किती देते विचारलं, आम्हाला चहा दिला, आणि शेवटी म्हणाले की शंभर असोत नाहीतर कोटी, कागदांची वाट हीच. काम मी फुकट करीन, पण पुढच्या दिवाळीच्या आत हातात काही पडेल असं धरून चालू नका. संस्थेने दिलेले दिवस त्रेचाळीस उरले होते.

परत आल्यावर मी विजयसिंहांकडे संस्थेच्या पोटनियमांचं पुस्तक मागितलं. नाटकाची संहिता आली की आपलं काम तेवढं वाचायचं नाही, सगळं वाचायचं, कंसातलंसुद्धा, ही मला पहिल्या मालकांनी लावलेली शिस्त. पुस्तक पिवळं पडलं होतं आणि दूध मोजायच्या काट्याच्या एका पायाखाली होतं. ते काढल्यावर काटा कलला, म्हणून अनुजाने तिथे फरशीचा तुकडा सरकवला. मी रात्रीच्या जेवणाआधी वाचून संपवलं. एकविसाव्या पानावर लिहिलं होतं: नामनिर्देशन केलेले नसल्यास, संचालक मंडळाची ज्याच्याबद्दल खात्री पटेल त्या वारसाचे नाव लावावे. कोर्टाचा शब्द कुठेच नव्हता.

सकाळी पान उघडून विजयसिंहांसमोर ठेवलं. ते त्यांना पाठ होतं.

"अक्का, नियम मला ठावं हाय. खात्री कुठनं आनू? नऊ संचालक हायत. एकतीस वर्षांत त्यांची कशाबद्दल खात्री पटलेली मी बगितली न्हाय. मागल्या टायमाला चहात साकर हाय का न्हाय यावर सभा तहकूब झाली."

हे खरं होतं. सभा बोलवायची तर आधी नोटीस, मग कोरम भरत नाही म्हणून पुढची तारीख. तोवर नव्वद दिवस उलटणार. मी विचारलं की सकाळी दूध घालायला यातले किती जण येतात. विजयसिंहांनी बोटं मोजली. सात.

"मग कोरम रोज तुमच्या दारात कॅन घेऊन उभा असतो की," मी म्हटलं.

विजयसिंहांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी वहीचं एक कोरं पान घेतलं, समास आखला आणि वर लिहिलं: लहान वारसा. तो माणूस नियमांचा कैदी आहे असं मी समजत होते. प्रत्यक्षात नियम करायला मिळाल्यावर तो जो खुलला, तसा नव्या नाटकाचा पडदा रंगवतानाच माणूस खुलतो. एक शेअर, एक नंबर आणि एक जनावर एवढीच ज्याची मागे राहिलेली मालमत्ता, त्याच्या वारसाची चौकशी दुधाच्या रांगेत होईल. सात दिवस भिंतीवर नोटीस, पेंडेच्या दरपत्रकाशेजारी, कारण तो कागद सगळे वाचतात. आठव्या सकाळी अर्जदाराने कॅन काट्यावर ठेवायचा. डाव्या-उजव्या दारच्या पाच जणांनी ओळख सांगायची. ज्याला हरकत आहे त्याने रांग सोडून पुढे यायचं, बोलून झाल्यावर पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. अर्जदाराचं दूध काट्यावर आहे तोवर सुनावणी, दूध टाकीत ओतलं की निकाल.

स्टँप नाही, वकील नाही, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे मागे ऐंशी माणसं आपापलं दूध नासायच्या काळजीत उभी.

या सात दिवसांत विजयसिंहांनी आपल्या वहीत सत्तेचाळीस नंबरपुढचा तो रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना बघून त्यांना जेवण गोड लागत नाही, असं त्यांच्या घरून कळलं.

सहाव्या दिवशी हरकत आली. आकारामचा पुतण्या सम्राट. पंचविशी उलटलेला, कुस्तीच्या तालमीत घटवलेला, दारातून येताना खांदा तिरपा करावा लागतो असा. गल्ली म्हणाली, बघा, आला हिस्सा मागायला. चिमणाने त्या दिवशी माझ्याकडे येऊन अर्धा तास फक्त सुपारी कातरली.

आठव्या सकाळी धुकं होतं. नेहमी सहाला भरणारी रांग साडेपाचलाच कोपऱ्यापर्यंत गेली होती, काही जण कॅन न आणताच आले होते. चिमणाने कॅन काट्यावर ठेवला. अंगावर खाकी शर्ट होताच, कारण ती सरळ धारेवरून आली होती. चार लिटर दोनशे. तानाबाईने आणि आणखी चौघांनी ओळख सांगितली. तानाबाई म्हणाली की ही चिमणा नसेल तर मी पण तानाबाई नाही. ते विजयसिंहांनी जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग रांगेतल्या एका संचालकाने विचारलं की वहीतल्या त्या ऐंशी नोंदींचं काय.

विजयसिंह उभे राहिले. त्यांचा हात वहीवर होता. मी खूप मोठमोठी माणसं प्रकाशझोतात उभी राहिलेली पाहिली आहेत, संवाद पाठ असूनही अडखळलेली. या माणसाला संवाद कुणी लिहून दिलेला नव्हता.

"नोंदी माज्या हायत," ते म्हणाले. "चाळीस दिवस ही बाई माज्यासमोर उभी ऱ्हायली आनि मी मान वर केली न्हाय. खोकला ऐकला आनि लिवलं. खाडाखोड करनार न्हाय. खाली शेरा मारतो, की सदर नोंदी सचिवांनी न बगता केल्यात. सही करतो."

आणि त्यांनी तिथेच, उभ्यानेच, शेरा लिहून सही केली. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला डाग.  अनुजा हळूच म्हणाली की मीही संगणकाच्या पडद्याकडेच बघत होते. मग बारा नंबर म्हणाला की मला वाटलं थंडीसाठी गुंडाळून कुणीतरी आलंय. सदतीस म्हणाला, मी तर रोज तिच्या मागेच असतो, टोपीपलीकडे बघितलं नाही. आकाराम जाऊन दीड महिना उलटून गेला होता, सगळ्यांनी खांदा दिला होता, आणि त्याची टोपी रोज रांगेत उभी राहते याचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं.

मग सम्राटला बोलावलं. त्याने हातातला टाईप केलेला कागद विजयसिंहांना दिला, त्यावर स्टँपही होता, त्याची गरज नसताना. विजयसिंहांनी मोठ्याने वाचला: "अर्जदार बाई दररोज पहाटे व सायंकाळी मयताच्या पेहरावात सार्वजनिक रस्त्याने जातात व मयताप्रमाणे खोकतात. त्यामुळे माझी मनःशांती भंग पावली आहे. वारसाबद्दल माझी हरकत नाही. शर्टाबद्दल आहे."

रांग हसली. सम्राट हसला नाही. तो एवढा थोरला गडी, कॅनच्या कडीशी बोटं खेळवत बोलला, आणि तो बोलला ते मागच्यांना ऐकू गेलं नाही, मला गेलं.

"काकी, मी पहाटं तालमीला जाताना तुला बगितलं. मला वाटलं काकाच हाय. सवयीनं वाकलो आनि पाया पडलो. तू खोकलीस आनि डोक्यावर हात ठेवलास. तवाधरनं मी त्या वाटंनं जात न्हाय. तालीम बुडाय लागलीया."

चाळीस दिवसांत ज्याने तिच्याकडे बघितलं तो हा एकटा. आणि हरकतही त्याचीच.

चिमणाने त्याला विचारलं, "मग त्या दिशी बोलला का न्हाईस?"

"भुताशी काय बोलायचं?" सम्राट म्हणाला.

आता पेच खरा होता. शर्ट उतरवला तर नकटी दूध देणार नाही, आणि दूध नसेल तर नंबर नावावर करून काय करायचं. शर्ट ठेवावा तर घेतलेली एकुलती एक हरकत फेटाळावी लागते, आणि पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. एक संचालक म्हणाला, शर्ट मयताचा, म्हणजे तीही मालमत्ताच, तिचा निकाल वेगळा लावा. दुसऱ्याने विचारलं, शर्ट लहान वारशात बसतो का. मागून कुणीतरी ओरडलं, "दूध फाटाय लागलंय, निकाल द्या आनि व्हा बाजूला." त्या ओरडण्याने जे काम झालं ते भल्याभल्या युक्तिवादाने होत नाही. साही जणांनी सातव्याकडे बघितलं, सातव्याने घड्याळाकडे. विजयसिंहांनी ठराव सांगितला. सत्तेचाळीस नंबर आजपासून चिमणाबाईंच्या नावे. शर्टाबाबत हरकत मान्य. मात्र म्हशीला एक महिन्याची मुदत. त्या मुदतीत शर्ट टप्प्याटप्प्याने बंद करावा आणि महिना संपल्यावर सम्राटच्या ताब्यात द्यावा. देखरेख अक्कांनी करावी.

अनुजाने दूध टाकीत ओतलं. सुनावणी पाव तासात संपली होती. धवल वकिलांना मी हे नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे 'लहान वारसा'च्या त्या पानाची प्रत मागितली आणि ती दोनदा वाचली.

त्यानंतरचा महिना म्हणजे उलटी तालीम. माणसाला भूमिकेत शिरायला शिकवणं मी आयुष्यभर केलं, बाहेर काढायला शिकवणं पहिल्यांदाच. पहिल्या आठवड्यात टोपी काढली. नकटीने दोन दिवस निषेध नोंदवला आणि सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यात शर्टाची बटणं उघडी. तिसऱ्या आठवड्यात शर्ट खांद्यावर नुसता टाकलेला, मग खुंटीला टांगलेला, पण म्हशीला दिसेल असा. चालणं बदललं, बादली आपटणं बंद केलं. दूध साडेचारवरून साडेतीन झालं, तीन झालं, पुन्हा चढलं. वर्षाराणीचे फोन येत होते. अजून नाद सोडला नाहीस का, पिशवी भरून ठेव, पुढच्या रविवारी येते. चिमणा म्हणायची, बघू.

तिसाव्या दिवशी सकाळी सम्राट दारात येऊन उभा राहिला. चिमणाने शर्ट धुऊन, घडी घालून त्याच्या हातात दिला. धुतलेला शर्ट पाहून मला धसका बसला, वास गेला की सगळं गेलं. त्या संध्याकाळी ती नुसत्या लुगड्यात गोठ्यात गेली. मी खिडकीत बसले. नकटीने मागे वळून पाहिलं, पाय आपटला आणि पान्हा चोरला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. रांग लागल्याचा आवाज यायला लागला.

आणि मग चिमणा बोलायला लागली. आकारामला धारेच्या वेळी कुणी बोललेलं खपायचं नाही, म्हणून त्या गोठ्यात तिचा आवाज कधी निघालाच नव्हता. आता निघाला तो थांबेना. वैरण कापून माझे हात गेले, तुझं शेण काढून माझी कंबर गेली, तुला पाण्यावर मी न्यायची, धुवायची मी, आणि ओळख तू दाखवायचीस त्याला. तो गेला, मी आहे. द्यायचं तर दे, नाहीतर उद्या बाजार. असं बरंच काही, त्यातलं थोडं आकारामलाही उद्देशून होतं आणि ते इथे लिहिण्याजोगं नाही. मध्येच तिचा श्वास संपला. त्या शांततेत बादलीत पहिली धार वाजली.

ती संस्थेत पोचली तेव्हा रांग संपत आली होती. मी मागोमाग गेले. विजयसिंह वहीवर वाकलेले. तिने कॅन काट्यावर ठेवला आणि स्वतःच्या आवाजात, मागच्या भिंतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "सत्तेचाळीस."

विजयसिंहांनी लेखणी खाली ठेवली आणि मान वर केली. ते तिच्याकडे बघत राहिले. शेरा मारल्यापासून ते प्रत्येकाकडेच बघत होते, त्यामुळे रांगेला हल्ली वेळ लागायचा आणि लोक कुरकुर करायचे. पण एवढा वेळ त्यांनी कुणाकडे बघितलं नव्हतं. मागून आवाज आला, "फोटो काडताय काय, सायेब?"

"बगू दे की," चिमणा मागे न वळता म्हणाली. "नीट बगून ठेवा, सेक्रेटरी. उद्या सकाळी बी मीच येनार हाय."